गादी आणि वारसा



दुकानाची पाटी वारशाने मिळते; पत मात्र प्रत्येक पिढीला नव्याने मिळवावी लागते. अमेरिकेतील बॉस्टन शहराचा ‘सेल्टिक्स’ हा बास्केटबॉल संघ याचे उत्तम उदाहरण आहे. तेथे अनेक घरांत या संघावरील प्रेम वडिलांकडून मुलांकडे येते.

१९५६ मध्ये प्रशिक्षक रेड ऑरबॅक यांनी दोन गुणी खेळाडू देऊन बिल रसेल या नवोदिताला संघात आणले. गुण मिळविण्यापेक्षा प्रतिस्पर्ध्याला रोखणे हे रसेल यांचे बलस्थान होते. त्यांच्या १३ हंगामांत संघाने ११ विजेतेपदे मिळविली. १९६६ मध्ये ऑरबॅक यांनी प्रशिक्षकपद रसेल यांच्याकडेच सोपविले आणि स्वतः व्यवस्थापक म्हणून पाठीशी राहिले. १९७८ मध्ये त्यांनी लॅरी बर्ड यांची निवड केली. पण बर्ड यांचे महाविद्यालयातील अखेरचे वर्ष बाकी होते. ऑरबॅक थांबले. त्या संयमाचे व्याज १९८१, १९८४ आणि १९८६ च्या विजेतेपदांत मिळाले.

त्यानंतर थेट २००८ पर्यंत विजेतेपद नाही. त्या २२ वर्षांत वाढलेल्या मुलांच्या वाट्याला वडिलांच्या आठवणी तेवढ्या आल्या.

आपणही मुलांना पेढीचा नफा दाखवितो. परंतु आजोबांनी माणसे कशी पारखली, कोठे थांबले आणि गादीवरून केव्हा उठले, हे सांगतो का? अपरिग्रहात गादीचा मोह सोडणेही येतेच.