शोध रोजीचा, ओढ लाल ठिपक्याची



मुलगा रात्री उशिरापर्यंत मोबाईलवर खेळत बसला, तर अम्मी त्याला हटकते. तोच मुलगा लिंक्डइन उघडून बसला, तर त्याला चहा करून देते, कारण तो ‘कामाचं’ बघतो आहे. म्हणून हे व्यसन घरात लवकर ओळखू येत नाही. नोकरीच्या जाहिराती दहा मिनिटांत पाहून होतात. पुढचा तास-दीड तास जातो तो कोणाला बढती मिळाली, कोण दुबईला गेला आणि आपण कुठे राहिलो, हे मोजण्यात.

लिंक्डइन २००३ मध्ये सुरू झाले. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने ते २६.२ अब्ज डॉलरला विकत घेतले. आज त्याचे सभासद शंभर कोटींहून जास्त आहेत आणि अमेरिकेनंतर सर्वांत जास्त भारतात आहेत. पुण्यातल्या आणि आखातातल्या अनेक कंपन्या तिथे माणसे शोधतात, त्यामुळे त्याचा उपयोग नाकारण्यात अर्थ नाही. मात्र तुम्ही जितका वेळ तिथे थांबाल तितका कंपनीचा फायदा, हेही लक्षात असू द्या. लाल ठिपका त्यासाठीच आहे. ‘तुमचे प्रोफाईल कोणी पाहिले’ ही सूचनाही त्यासाठीच. फुकट खात्यावर मोजकीच नावे दिसतात, पूर्ण यादीसाठी पैसे भरावे लागतात. कधी चांगली बातमी असते, बहुतेक वेळा काहीच नसते, आणि या अनिश्चिततेमुळेच हात पुन्हा पुन्हा मोबाईलकडे जातो.

काही तरुण विचारतात, आपले गुण असे जाहीर मांडणे म्हणजे रिया नाही का? पवित्र कुरआनात हजरत यूसुफ (अ.) यांचा प्रसंग आहे. राजाने विश्वास दाखवल्यावर त्यांनी देशाच्या भांडारांची जबाबदारी स्वतः मागितली आणि आपण जपणारे व जाणकार आहोत, असे सांगितले. म्हणजे कामासाठी आपली पात्रता खरेपणाने सांगणे गैर नाही. लोकांनी वाहवा करावी म्हणून रोज काहीतरी लिहायचे आणि किती जणांनी पसंत केले हे मोजत बसायचे, तिथे नियत तपासावी लागते.

दुसरा प्रसंग हजरत मूसा (अ.) यांचा. मदयनला ते परके आणि रिकाम्या हाताने पोहोचले होते. विहिरीवर दोन मुलींच्या जनावरांना त्यांनी पाणी पाजले, मग सावलीत जाऊन अल्लाहकडे दुआ केली. पुढे त्यातल्याच एकीने वडिलांना सुचवले, की यांना कामावर ठेवा, हे सशक्त आणि विश्वासू आहेत. ज्यांनी काम पाहिले, त्यांच्याच तोंडून शिफारस झाली. आजही आपल्याला ओळखणारा जुना सहकारी शंभर अनोळखी ‘कनेक्शन’पेक्षा जास्त उपयोगी पडतो.

संपत्तीच्या बाबतीत आपल्यापेक्षा वरच्याकडे नव्हे तर खालच्याकडे पाहावे, अशी प्रेषितांची (स.) शिकवण आहे. त्यामुळे अल्लाहच्या देणगीची किंमत कमी वाटत नाही. लिंक्डइन नेमके उलटे करते, दिवसभर फक्त वरचेच दाखवते. तिथे नोकरी लागल्याची बातमी येते, त्याआधीचे आठ महिने क्वचितच दिसतात.

मग करायचे काय?

मोबाईलमधून ॲप काढून टाका, खाते ठेवा. संगणकावर दिवसातून एकदा, ठरलेल्या वेळी, अर्धा तास बघा. नोकऱ्यांच्या सूचना ई-मेलवर मागवा, बाकी सगळ्या बंद करा. बसण्याआधी कागदावर लिहा: आज किती अर्ज, कोणाला निरोप. ते झाले की उठा. आठवड्यातून तीन ओळखीच्या माणसांना फोन करा किंवा प्रत्यक्ष भेटा. ईशानंतर विनाकारण गप्पा मारत बसणे प्रेषितांना (स.) आवडत नसे, मग स्क्रीन बघत जागणे कसे चालेल? मोबाईल दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा, फजरची नमाज होईपर्यंत हातात घेऊ नका.

घरच्यांनाही दोन शब्द. ज्याची नोकरी गेली आहे त्याला रोज संध्याकाळी “काय झालं?” असे विचारू नका. चाचांच्या मुलाचा पगार त्याच्यासमोर काढू नका. पुष्कळदा घरातली हीच तुलना टाळायला तो मोबाईलमध्ये डोके घालतो आणि तिथे त्याला आणखी मोठी तुलना भेटते. त्याऐवजी घरखर्चाचा हिशेब एकत्र बसून मांडा. किती महिने निभावेल हे समजले, की निम्मी धास्ती उतरते. पत्नीने तो भार वाटून घेतला, तर त्याला रात्री झोपही लागेल.

पहिले काही दिवस हात आपोआप खिशाकडे जाईल. तेव्हा वुजू करून दोन रकअत नफल पढा किंवा मुलांना घेऊन बाहेर एक फेरी मारून या. रोजी देणारा अल्लाह आहे. प्रयत्न आपण करायचे, आणि त्या प्रयत्नांना अर्धा तास पुरतो. उरलेला दिवस घराचा आहे.