दीड तासाचं नागपूर

मुंबईत कुणी गाव विचारलं की आम्ही नागपूरकर ऐटीत सांगतो, ‘नागपूर! फ्लाइटने दीड तास फक्त.’ वसईहून नरिमन पॉइंटच्या ऑफिसात पोचायलाही साधारण तेवढेच लागतात, त्यामुळे समोरच्याला पटतं. नोकरी धरताना घरच्यांनाही हेच पटवलेलं असतं. पण बॉस, या दीड तासाचा हिशेब एकदा मांडून बघा.

मुंबई-नागपूर हवाई अंतर साधारण 680 किलोमीटर. ताशी 800 च्या वेगाने सरळ गेलं तर 50 मिनिटांचं काम. मग तिकिटावर दीड तास का? कारण ते घड्याळ नुसतं उडण्याचं नसतंच. विमान इथल्या गेटवरून मागे ढकललं की ते सुरू होतं आणि तिकडे पार्किंगला लागलं की थांबतं. त्यात मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरात. मग टेक-ऑफसाठी विमानांची लाइन, अगदी सायनच्या सिग्नलसारखी. एअरलाइन्स ही रखडपट्टी आधीच वेळेत धरतात. म्हणूनच वीस मिनिटं जमिनीवर रेंगाळूनही नागपुरात ‘बिफोर टाइम’ पोचल्याची अनाउन्समेंट होते, आणि आपण खूश!

आता घर ते घर मोजा. काउंटर तासभर आधी बंद. गोरेगावहून संध्याकाळी निघायचं म्हणजे ट्रॅफिक, मग सिक्युरिटीची रांग. तीन तास आधी घर सोडावंच लागतं. नागपूर त्या मानाने दयाळू, सोनेगावला उतरल्यावर अर्ध्या-पाऊण तासात धरमपेठेत चहा हातात. तरी बेरीज पाच तासांच्या पुढे. जून 2025 मध्ये पूर्ण खुला झालेला 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग आठ तासांत नेतो, पण तो सुरू होतो भिवंडीजवळच्या आमण्याहून. आधी तिथवर पोचून दाखवा! दुरांतो 837 किलोमीटर अकरा-एक तासांत कापते, तेही तुम्ही झोपेत असताना. माझं मत दुरांतोला.

खरी गोची रात्रीची. गेल्या वर्षी बाबांच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा साडेअकरा वाजले होते. दुरांतो गेलेली, शेवटची फ्लाइटही गेलेली. पहाटेच्या पहिल्या विमानाने मी पोचले तेव्हा सकाळचे साडेआठ. म्हणजे त्या रात्री नागपूर नऊ तासांवर होतं. समोरच्या घरातल्या काकूंनी 108 ला फोन केला नसता तर... जाऊ दे. बाबा आता ठणठणीत आहेत.

गंमत बघा, 1949 मध्ये सुरू झालेल्या रात्रीच्या हवाई टपालसेवेत मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासची विमानं मध्यरात्री नागपुरात जमायची आणि टपालाच्या पिशव्यांची अदलाबदल करून परत फिरायची. तेव्हा पत्राची तरी सोय होती!

आता काकूंकडे घराची डुप्लिकेट किल्ली असते. फ्रिजवर डॉक्टरांचा नंबर मोठ्या अक्षरांत चिकटवलाय. मेडिक्लेमची फाइल कपाटाच्या तळातून टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये आलीय. परवा फोनवर बाबांना म्हटलं, यापुढे कुणाला दीड तास सांगू नका, सहा सांगा. ते म्हणाले, ‘रात्री मी गेटला कुलूप लावतो. त्याचीही किल्ली वहिनींना देऊन ठेवतो मग.’