दोन उदाहरणांमधला मजकूर

पुस्तक वाचून पोहता येत नाही, असे आपल्याकडे म्हणतात. सर्व्हरवर चालणारी आज्ञावली लिहायला मात्र पुस्तक वाचूनच शिकावे लागते असे आमचे मत आहे, आणि ते पुस्तक आपल्याकडे नीट वाचले जात नाही अशी आमची तक्रार आहे. या तक्रारीत पहिले आरोपी आम्हीच आहोत, हे आधीच सांगून टाकतो.

ब्राउझरमध्ये दिसणारे पान कसे रचले आहे, हे कोणालाही पाहता येते. पानाचा स्रोत उघडावा, नक्कल करावी, एखादा रंग बदलून पाहावा. एचटीएमएल शिकलेल्या पहिल्या पिढीतले पुष्कळजण असेच शिकले. सर्व्हरवरच्या आज्ञावलीचे तसे नाही. ती दूर कुठल्या तरी यंत्रावर चालते आणि आपल्यापर्यंत येतो तो तिचा तयार परिणाम. सोलापुरी चादर विकत घेणाऱ्याला नक्षी दिसते. ती नक्षी धाग्यांत उतरवणारी, जकार्डवर चढवलेली भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ दिसत नाही. मुक्त स्रोताच्या आज्ञावल्या वाचता येतात, हे खरे. पण त्यांतून काय केले ते कळते, का केले ते क्वचितच कळते. 'का'साठी गद्य लागते, आणि ते पुस्तकात दोन उदाहरणांच्या मध्ये असते.

२००६च्या सुमारास आमच्या मनाने घेतले, की जुन्या मराठी मासिकांतील लेखांची वह्यांमध्ये केलेली सूची इंटरनेटवर आणावी. लेखकाचे किंवा ग्रंथाचे नाव टाकले की नोंदी समोर याव्यात, एवढीच अपेक्षा. पुण्याला अप्पा बळवंत चौकात पीएचपी आणि मायएसक्यूएलवरचे एक जाडजूड इंग्रजी पुस्तक घेतले. प्राथमिक नव्हे, त्याच्या पुढच्या इयत्तेचे. प्राथमिक भाग आम्हांला येतो असा आमचा समज होता. परतताना हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये कुर्डुवाडी येईपर्यंत पहिली दोन प्रकरणे झाली. ती कशी झाली, हे सांगण्यासारखे आहे. करड्या चौकटीतले कोड आम्ही अक्षरशः वाचले आणि भोवतालचा मजकूर चाळला. घरी आल्यावर चौकटीतले कोड जसेच्या तसे टंकले, ते चालले, आणि आपण शिकलो असे वाटले.

सूची तयार झाली. मग एका संध्याकाळी शोधाच्या चौकटीत आम्ही 'नादवेध' असे लिहिले. मराठीत ग्रंथनाम एकेरी अवतरणचिन्हांत घालण्याचा प्रघात आहे आणि आम्ही तो वर्गात शिकवतो, त्यामुळे हात आपोआप तसा वळला. पान कोसळले. विदागाराशी बोलण्याची जी भाषा आहे, तिच्यातही मजकुराची कडा एकेरी अवतरणचिन्हानेच दाखवली जाते. आमचे पहिले चिन्ह त्या भाषेतल्या वाक्याचा शेवट ठरले आणि 'नादवेध' हा शब्द आज्ञेचा भाग समजला गेला. नुसते पान कोसळले, हे नशीबच म्हणायचे. त्याच फटीतून जाणत्या माणसाने चिन्हापुढे स्वतःची आज्ञा लिहिली असती, तर वर्षभर टंकलेली सूची पुसताही आली असती. विरामचिन्हांची इतकी भयंकर किंमत आम्ही विद्यार्थ्यांना कधी सांगितली नव्हती.

पुस्तक पुन्हा उघडले. सगळे तिथे होते, कोडच्या आधी, दीड पान, साध्या गद्यात. बाहेरून आलेला कोणताही मजकूर विश्वासाचा मानू नये. तो आज्ञेच्या वाक्यात चिकटवू नये. वाक्य आधी पक्के करून विदागाराकडे द्यावे आणि वाचकाने दिलेला शब्द त्यानंतर, वेगळा, निव्वळ मूल्य म्हणून द्यावा. म्हणजे त्या शब्दात काहीही असले तरी त्याची आज्ञा होत नाही. आम्ही ते दीड पान ओलांडून चौकटीकडे गेलो होतो. कवितेचे रसग्रहण विचारले की कविता सोडून गाइडमधले मुद्दे पाठ करणाऱ्या विद्यार्थ्यावर आम्ही रागावतो. इथे आम्ही त्याचे गुरू शोभलो.

पण ओलांडले का? कारण ते इंग्रजी होते. इंग्रजी येत नाही म्हणून नव्हे. इंग्रजी गद्यातला युक्तिवाद संथपणे पचवायला जो वेळ लागतो तो द्यायची इच्छा नव्हती, आणि कोड तर कोणत्याच भाषेचे नसते असा भ्रम होता. अक्कलकोटकडून येणाऱ्या, घरी कन्नड आणि शाळेत मराठी बोललेल्या मुलाची काय अवस्था होत असेल, याचा विचार आम्ही त्यानंतर करू लागलो. तो कोड पाठ करतो, परीक्षेत उतरवतो, नोकरीही मिळवतो. दीड पान तसेच राहते.

इथे अच्युत गोडबोले यांचे उदाहरण सोलापूरकरांना आठवावेच. सोलापुरात वाढलेल्या या लेखकाने मराठीत मानसशास्त्रावर 'मनात' लिहिले, अर्थशास्त्रावर 'अर्थात', विज्ञानावर 'किमयागार'. आमचे पान कोसळवणारा 'नादवेध'ही त्यांचाच, सुलभा पिशवीकर यांच्यासह लिहिलेला. याच गोडबोल्यांनी अतुल कहाते यांच्याबरोबर 'वेब टेक्नॉलॉजीज' हे पाठ्यपुस्तकही लिहिले, टीसीपी-आयपीपासून इंटरनेटवरील उपयोजनांच्या रचनेपर्यंत पोहोचणारे. ते इंग्रजीत आहे. अभ्यासक्रम इंग्रजीत, परीक्षा इंग्रजीत, मग पुस्तक वेगळ्या भाषेत कसे असणार? दोष त्यांचा नाही. पण राग, चलनवाढ आणि अणू समजावून सांगण्याइतके मराठी गद्य ज्याच्या हाती आहे, त्यालाही हा विषय पाठ्यपुस्तकात मांडताना इंग्रजीकडे जावे लागते, हे आम्हांला बोचते.

मराठीत लिहायचे म्हणजे सर्व्हरला 'सेवादाता' म्हणायचे, असा अर्थ कृपया कोणी काढू नये. परिभाषेच्या आग्रहाने अशी पुस्तके वाचण्याआधीच मारली आहेत. सर्व्हर, सेशन, कुकी हे शब्द तसेच राहू द्यावेत. वाक्य मराठी हवे. उदाहरणार्थ, एचटीटीपी या व्यवहाराला स्मरणशक्ती नाही, ही गोष्ट घ्या. अशा ग्रंथपालाची कल्पना करावी, की जो प्रत्येक प्रश्नाचे उत्तर देतो आणि लगेच विचारणाऱ्याला विसरतो. पुस्तक मागायला गेलात तर नाव सांगा, दुसरे मागायला वळलात तर पुन्हा सांगा. यावर उपाय म्हणून त्याने तुमच्या हाती क्रमांकाचा बिल्ला दिला आणि आत एक वही ठेवली; बिल्ला दाखवला की तो वहीत त्या क्रमांकाचे पान पाहतो. बिल्ला म्हणजे कुकी, जी १९९४ साली नेटस्केपमध्ये प्रथम आली, आणि वहीतले पान म्हणजे सेशन. आता बिल्ले एक, दोन, तीन असे ओळीने दिले तर शेजारच्याचा क्रमांक ओळखून त्याच्या नावावर पुस्तके नेता येतील. म्हणून क्रमांक ओळखता येऊ नये इतका लांब आणि विस्कळीत असावा. एवढे समजले की पुढचे कोड कुठूनही शिकता येते.

दुसरेही एक कारण आहे. आम्ही घेतलेल्या त्या पुस्तकाला मराठी माहीतच नव्हती. एक अक्षर म्हणजे एक बाइट, असे गृहीत धरून त्यातली उदाहरणे रचलेली. 'सोलापूर' या शब्दाची लांबी पीएचपीच्या 'स्ट्रलेन'ला विचारली तर युटीएफ-८मध्ये उत्तर येते २१, कारण देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. 'एमबी-स्ट्रलेन' ७ म्हणते, काना-मात्रा वेगळ्या मोजून. शाळकरी मुलगा ४ म्हणेल, आणि तसे मोजणारे 'ग्राफीम-स्ट्रलेन' नावाचे फलनही आहे. पण ते शोधायचे कोणाच्या मनात येईल? मराठी अक्षर म्हणजे काय, हा प्रश्न ज्याला पडला आहे त्याच्या. आमच्या सूचीतील लांब शीर्षके मधेच तोडली जात आणि टोकाला प्रश्नचिन्ह असलेला चौकोन उमटे. तो चौकोन भाषाशास्त्राच्या शिक्षकाने समजावून सांगायचा, की संगणकाच्या? आमच्या मते ते प्रकरण दोघांनी मिळून लिहायचे आहे, आणि अजून कोणी हाती घेतलेले आमच्या पाहण्यात नाही.

अशी पुस्तके लवकर शिळी होतात, मग कष्ट कशाला, असे एक मित्र म्हणतात. होतात खरी. आमच्या पुस्तकातले मायएसक्यूएलशी जोडणारे जुने फलन २०१५च्या पीएचपी ७मधून काढून टाकले गेले. 'रजिस्टर ग्लोबल्स' ही घातक सोय त्याआधीच, २०१२च्या ५.४ आवृत्तीत गेली. करड्या चौकटींतले निम्मे कोड आज चालणार नाही. ते दीड पान मात्र जसेच्या तसे लागू आहे. आणि आता यंत्रेच चौकटीतला मजकूर मागाल तसा लिहून देऊ लागल्यावर, तो बरोबर आहे का हे ठरवायला त्या दीड पानाखेरीज दुसरे काय उरते, हे मित्रांनी सांगावे.

गेल्या वर्षी संगणकशास्त्राचे दोन विद्यार्थी आमच्याकडे आले असता ते दीड पान आम्ही त्यांना मराठीत सांगितले. कोड दाखवले नाही. तासाभराने त्यांतल्या एकाने विचारले, "सर, मग तुमच्या सूचीत अवतरणचिन्ह टाकून बघू का?" बघ म्हटले. त्याने टाकले, आणखीही काय काय टाकले. दर वेळी 'नोंद सापडली नाही' एवढेच उत्तर आले. त्याचा किंचित हिरमोड झाला. मग यादी चाळताना त्याला दुसरी खोट सापडली. मराठी कोशांत 'ळ' हा 'ह'च्या नंतर येतो, आमच्या सूचीत तो 'ल' आणि 'व' यांच्या मध्ये बसला आहे. मराठीचा वर्णक्रम युनिकोडच्या माहितीसंचात नोंदलेला असून पीएचपीच्या 'इंटल' या जोडणीतून तो वापरता येतो, हे आम्हांला आता ठाऊक आहे; करणे झालेले नाही. सूचीत 'काळ' अजूनही 'काव्य'च्या आधीच येतो. तो बदल करायला येत्या रविवारी ते दोघे येणार आहेत.