नळीकडून घासाकडे

अन्नप्राशन सहाव्या महिन्यांत करावें, असें आश्वलायन गृह्यसूत्र सांगतें. आमच्या आंजर्ल्यांत त्यासच उष्टावण म्हणतात. पण अकालीं जन्मलेल्या कित्येक अर्भकांस पहिला आहार नाकांतून जठरांत सोडलेल्या नळीनेंच मिळतो. चोखणें, गिळणें व श्वास घेणें यांचा मेळ गर्भाच्या ३४ व्या आठवड्याच्या सुमारास बसूं लागतो. तोंवर नळी हाच आधार. हृदयाचें वा अन्ननलिकेचें व्यंग असल्यास ती महिनोगणती राहते, आणि मग निराळीच अडचण उभी राहते. पोट ठराविक वेळीं आपोआप भरतें, म्हणून भूक ओळखीचीच होत नाहीं; वारंवार नळी घातल्यानें तोंडाजवळ येणाऱ्या चमच्याचीही धास्ती बसते.

ऑस्ट्रियांतील ग्रात्स येथील मार्गरिट डुनित्स-शेर व पेटर शेर या डॉक्टर दांपत्याचा मार्ग मला फार शहाणपणाचा वाटतो. गिळणें निर्धोक आहे अशी खात्री करून नळीचा आहार कमी करीत जावयाचा, म्हणजे भूक जागी होते. आणि मुलांस अन्नांत बसवून मनसोक्त माखूं, सांडूं, चाटूं द्यावयाचें. भरविणें मना! वजन प्रथम थोडें घटूं शकतें, म्हणून हें डॉक्टरांच्या देखरेखीखालींच करावें. आपल्या मनानें कदापि नव्हे.

आमच्या घरांत कठीण तें हेंच. आजी, काकू, आत्या यांनीं काऊ-चिऊचे घास घेऊन मागें लागूं नये. मुलास पंक्तीस बसवावें, पुढें मऊ भात ठेवावा. सोवळें घटकाभर बाजूस राहूं द्यावें. डॉक्टर सांगतील त्या दिवशीं वजन करून एकानेंच वहींत लिहावें, व दापोलीस जातांना ती वही बरोबर न्यावी.