दारचा निसर्ग आणि हातांतला खडू

एके दिवशीं वर्गांतील मुलांस मीं सांगितलें कीं, 'आपला गांव' या विषयावर एक चित्र काढा. तास संपला तेव्हां बहुतेक कागदांवर एकच गांव उतरला होता. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या मधोमध अर्धा सूर्य, डोंगरांतून वळणें घेत येणारी निळी नदी, कांठीं लाल कौलांचें घर आणि आकाशांत चार पांखरें. वर्गाच्या खिडकींतून माड दिसत होते व माडांआडून समुद्र दिसत होता. त्रिकोणी डोंगर मात्र एकही दिसत नव्हता. मुलांनीं आपला गांव काढलाच नव्हता. कोणाच्या तरी वहींतला गांव त्यांनीं उतरून दिला होता.

हा दोष मुलांचा नव्हे. तो आम्हां शिक्षकांचा आहे, व कांहीं अंशीं पालकांचाही आहे. शासनाच्या एलिमेंटरी व इंटरमीजिएट या रेखाकला परीक्षांत स्मरणचित्राची प्रश्नपत्रिका असते, आणि या परीक्षांतील श्रेणीवर शालान्त परीक्षेंत वाढीव गुण मिळतात. गुण मिळावे ही इच्छा रास्तच आहे. परंतु त्यासाठीं तयार चित्र पाठ करून घेण्याचा जो जवळचा मार्ग आपण धरला आहे, तो मला घातक वाटतो. स्मरणचित्र म्हणजे पाहिलेल्या गोष्टीचें स्मरण. पाठ केलेल्या चित्राचें स्मरण नव्हे. ज्यानें पाहिलेंच नाहीं, त्यानें आठवावें तरी काय ?

या बाबतींत जपानची एक हकीकत सांगण्यासारखी आहे. तेथेंही पूर्वी शाळांतून नमुन्याच्या चित्रावरून नक्कल करण्याचीच रीत होती. यामामोतो कानाए या चित्रकारानें ती मोडण्याचें मनावर घेतलें, आणि १९१९ सालीं मुलांनीं स्वतः पाहून काढलेल्या चित्रांचें प्रदर्शन भरविलें. मुलें मोकळेपणानें रंगवूं लागलीं, तेव्हां मेणाच्या कांड्या अपुऱ्या वाटूं लागल्या, कारण त्यांचे रंग एकमेकांत मिसळत नाहींत. ही अडचण ओळखून साकुरा या कंपनीनें १९२५ सालीं तेलकट रंगाची कांडी काढली. तीच आज आपल्या मुलांच्या दप्तरांत असणारी ऑइल पेस्टलची कांडी होय. नकलेपासून मुलांस सोडविण्यासाठीं जी कांडी जन्मास आली, तिनेंच आज आपण मुलांकडून नक्कल करून घेत आहों !

म्हणून माझें म्हणणें असें कीं, आठवड्यांतून एक तास मुलांनीं वर्गाबाहेर बसावें, समोर जें दिसेल तेंच काढावें, आणि त्यासाठीं सुक्या पेस्टलचा, म्हणजे रंगखडूचा, उपयोग करावा. जलरंग थोर खरे. आपल्या सावंतवाडींत १८८२ सालीं जन्मलेल्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांनीं जलरंगांत काय करून दाखविलें, तें दिवा हातीं घेतलेल्या स्त्रीचें त्यांचें म्हैसूर येथील चित्र पाहून जगानें मान्य केलें आहे. परंतु जलरंग चूक सहसा पोटांत घालीत नाहीं, आणि आपल्या दमट हवेंत एक हात वाळेपर्यंत तास संपून जातो. खडूला पाणी नको, ब्रश नको, वाळण्याची वाट पाहणें नको. आणि चुकलेली जागा झटकून पुन्हां रंगवितां येते.

खडूची घडण साधी आहे. रंगाची पूड, पांढरी माती किंवा चुनखडीची भुकटी, आणि तीं धरून ठेवण्यापुरता अगदीं थोडा डिंक. डिंक कमी म्हणून कांडी मऊ आणि रंग ताजा. चांगल्या रंगखडूंची पेटी महाग असते, हें मला ठाऊक आहे. परंतु आरंभाला पेटीची गरजच नाहीं. काव, कोळसा आणि पांढरा खडू एवढें पुरे. युरोपांतील मोठमोठ्या चित्रकारांनीं तांबड्या, काळ्या व पांढऱ्या खडूनेंच रंगीत कागदावर शेंकडों चित्रें केलीं. आणि आपल्या कोंकण-गोमंतकांत तर याच तांबड्या मातीनें चुन्याच्या भिंतींवर कावी चित्रें रंगलीं. कागद मात्र गुळगुळीत नसावा. खरखरीत कागदाच्या कणांत पूड अडकते. गुळगुळीत कागदावरून ती गळून पडते. वेष्टनाचा खाकी कागद मुलांस उत्तम, कारण त्याचा मूळ रंगच आपल्या मातीशीं जुळतो.

रीतही अवघड नाहीं. प्रथम डोळे अर्धवट मिटून पाहावें, म्हणजे बारीकसारीक गोष्टी नाहींशा होऊन उजेडाचे व काळोखाचे मोठे भाग तेवढे उरतात. कांडी आडवी धरून आधीं गडद भाग भरावे, मग मधले, आणि अगदीं उजळ रंग शेवटीं ठेवावे. बोटानें फार चोळूं नये. चोळल्यानें सगळें चित्र राखेसारखें मळकट होतें. एका रंगाशेजारीं दुसरा ठेवावा, डोळा तीं दोन्ही आपोआप मिळवितो. हिरवी कांडी शक्य तों उशिरां उचलावी. माडाची झावळ नीट पाहिली तर तिच्यांत पिवळा आहे, निळसर करडा आहे, आणि वाळक्या टोंकांशीं तांबूसही आहे. जांभ्या दगडाची ताजी कापलेली बाजू तांबडी असते. तोच दगड पाऊस खाऊन काळवंडतो आणि श्रावणांत शेवाळानें हिरवा होतो. राजकोटाच्या बाजूनें सिंधुदुर्ग किल्ल्याकडे पाहिलें तर वाळूवरचें पाणी हिरवट आणि खडकांवरचें जांभळट काळें दिसतें. 'समुद्र निळा' हें वाक्य पुस्तकांतलें आहे, समुद्राचें नव्हे.

पालकांच्या शंकाही मी ऐकल्या आहेत. धूळ उडते, अंगाला अपाय होईल, ही त्यांतील एक. ती खरी आहे. म्हणून पूड तोंडानें फुंकूं नये, कागद उभा धरून मागून हलकेच टिचकी मारावी, आणि हात धुतल्यावांचून खाऊं नये. बाजारांतील कशाचा तरी रंग आणून घरीं कांड्या वळण्याचा खटाटोप मुलांनीं करूं नये. कांहीं रंग विषारी असतात. पावसाळ्यांत चित्रांस बुरशी धरते, तेव्हां दोन चित्रांमध्यें गुळगुळीत बटर पेपर घालून तीं कोरड्या जागीं आडवीं ठेवावीं. दुसरी शंका, नक्कल केल्यानें हात तर बसतो ना ? बसतो, हें मी मान्य करितों. गायनांत पलटे लागतात, तसा थोडा सराव लागतोच. पण जन्मभर पलटेच घोटणाऱ्याला कोणी गवई म्हणत नाहीं.

तिसरी शंका सर्वांत मोठी आहे. चित्रें काढून पोट भरतें काय ? बहुतेकांचें भरणार नाहीं, आणि सर्वांनीं चित्रकार व्हावें असें माझें म्हणणेंही नाहीं. माझी काळजी निराळी आहे. पावसाळ्यांत आपल्या सड्यांवर सीतेच्या आसवांचीं जांभळीं फुलें पसरतात. तीं वाढतात ती माती जेमतेम बोटभर असते. चिरेखाण लागली कीं ती माती जाते, आणि फुलें पुन्हां येत नाहींत. रेडीस लोहखनिजासाठीं खणलेल्या टेकड्या आपण पाहतों. किनाऱ्याचा चेहराही दरवर्षीं बदलत आहे. घर बांधावयास चिरा लागतो, मुलांस रोजगार लागतो, हें मी जाणतों. परंतु काय ठेवावें आणि काय द्यावें, याचा निवाडा उद्यां हींच मुलें करणार आहेत. ज्यानें सडा कधीं तासभर बसून पाहिला नाहीं, त्याला तो ओसाड खडकच वाटणार, आणि ओसाड खडक देऊन टाकतांना कोणाचा हात अडखळत नाहीं.

प्रभु येशूनें आपल्या श्रोत्यांस रानांतील फुलांकडे लक्षपूर्वक पाहावयास सांगितलें, हें आपण प्रार्थनेच्या वेळीं ऐकतों. ती आज्ञा पाळावयास खडूची एक कांडी व खाकी कागदाचा एक तुकडा पुरेसा आहे. विद्यार्थी मित्रहो, येत्या सुटींत आपल्याच पडवींत बसा आणि समोर असेल तेवढेंच काढा. चित्र वेडेंवांकडें आलें तरी चालेल. आणि पालकांनीं तें पाहून 'डोंगर कोठें आहेत ?' असें मात्र कृपा करून विचारूं नये.