अर्जातील ‘आहे’

औपचारिक लेखन म्हणजे कोरडे लेखन, अशी समजूत रूढ झाली आहे. ती खरी नाही. मराठीत क्रियापद बहुधा वाक्याच्या शेवटी येते. त्यामुळे एकाच घडणीची वाक्ये ओळीने मांडली की ‘आहे’, ‘आहे’ असा कंटाळवाणा ठेका धरला जातो. पाण्याच्या तक्रारीचा एखादा अर्ज पाहावा : ‘आमच्या चाळीत पाणी येत नाही. तीन वेळा तक्रार केलेली आहे. दखल घेण्यात आलेली नाही. गैरसोय होत आहे.’ यात खोटे काहीच नाही. पण मुख्य गाऱ्हाणे कोणते, ते वाचणाऱ्याला जाणवत नाही. ‘तीन वेळा तक्रार करूनही आमच्या चाळीत पाणी येत नाही’ असे लिहिताच ‘करूनही’ या एका रूपाने सारी उपेक्षा उघडी पडते. त्यापाठोपाठ छोटे वाक्य यावे : ‘मुले शाळेआधी हंडे वाहतात.’ ‘गैरसोय’ या शब्दात ती मुले दिसत नव्हती.

‘दखल घेण्यात आलेली नाही’ ही तर कचेरीची भाषा. दखल कोणी घेतली नाही, हे तीत लपते. अर्जदाराने ती उसनी का घ्यावी?

१८८८ मध्ये ‘सुधारक’ सुरू करणाऱ्या गोपाळ गणेश आगरकरांनी ‘वाक्यमीमांसा’ हे वाक्यविचारावरील पुस्तकही लिहिले. समाजसुधारकाला वाक्याची घडण क्षुल्लक वाटली नाही.

अर्थात, विविधतेच्या हौसेने अर्जात अलंकार घालू नयेत. मागणीचे वाक्य तर साधेच असावे : ‘नळजोडणीची पाहणी करावी, ही विनंती.’