काळ्या अक्षरामागील पांढरी पूड

शाळा, महाविद्यालये आणि कचेऱ्या यांच्या खरेदीत टोनरची परीक्षा दोनच कसोट्यांवर होते: छाप किती काळी उमटते आणि डब्याचा भाव काय. दोन्ही कसोट्या अपुऱ्या आहेत. काळेपणा हा काजळीचा गुण, आणि काजळी काही दुर्मीळ वस्तू नव्हे. टोनर कामाचा की बिनकामाचा हे बव्हंशी ठरते ते त्याच्या कणांवर चढविलेल्या एका सूक्ष्म पांढऱ्या पुडीवरून. तिच्याविषयी खरेदीदार विचारीत नाही आणि विक्रेता सांगत नाही.

टोनर म्हणजे शाई नव्हे. राळेत काजळी, मेण व विद्युत्भार सांभाळणारे द्रव्य मिसळून केलेले ते चूर्ण होय. त्याचा कण साधारणतः ५ ते १० मायक्रॉनचा. एवढ्या लहान कणांच्या बाबतीत वजनापेक्षा परस्परांतील आकर्षणच प्रबळ ठरते. ते एकमेकांना बिलगून गोळे करू पाहतात. यावरचा उपाय कोणत्याही स्वयंपाकघरात दिसतो. पोळी लाटताना कणीक चिकटू नये म्हणून पिठी लावतात. तसेच टोनरच्या कणांवर त्यांच्याहून शेकडो पटींनी लहान असे सिलिकाचे कण पसरतात. शंभर भाग टोनरमागे या पूरक द्रव्याचे प्रमाण फार तर काही भागांचे. पण तेवढ्यावर चूर्ण वाहते राहते, त्यावर सारखा विद्युत्भार चढतो आणि ते यंत्रातील नळकांड्यावरून कागदावर सुखाने उतरते. पिठीची उपमा आणखी एका अर्थाने चपखल आहे. यंत्रात टोनर सतत घुसळला जातो, तेव्हा हे कण मऊ राळेत रुतत जातात, आणि पिठी मुरलेल्या कणकेसारखा तो पुन्हा चिकटू लागतो.

गंमत अशी की, या विद्येचा आरंभच एका गुणी पुडीने झाला. न्यूयॉर्कमध्ये पेटंट विभागात काम करणारे चेस्टर कार्लसन कागदपत्रांच्या नकलांच्या कटकटीला त्रासले होते. २२ ऑक्टोबर १९३८ रोजी अस्टोरिया भागात त्यांनी व त्यांचे सहायक ऑटो कोर्नाई यांनी गंधक चढविलेल्या जस्ताच्या पत्र्यावर पहिली कोरडी प्रतिमा उमटविली. त्यासाठी वापरलेली लायकोपोडियम वनस्पतीच्या बीजाणूंची पूड निसर्गतःच सुटी वाहणारी आणि पाणी झटकणारी असते. काळ्या राळेला हेच दोन गुण देण्यासाठी पुढे रसायनशास्त्राला बरेच कष्ट उपसावे लागले.

त्यांतला दुसरा गुण कोकणात आणि मुंबईत विशेष महत्त्वाचा. सिलिकाच्या पृष्ठभागाला पाण्याची ओढ असते. म्हणून त्यावर सिलेन जातीच्या संयुगांचा जलरोधक थर द्यावा लागतो. या संस्कारात हात आखडता घेतला, की दमट हवेत विद्युत्भार गळतो, पानभर करडी छटा पसरते आणि चूर्ण यंत्रातच सांडते. उलट कोरड्या हवेत भार प्रमाणाबाहेर चढून अक्षरे फिकी पडतात. तो आवरण्यासाठी टायटॅनियम डायऑक्साइड घालण्याची प्रथा पडली. बी पेरण्यापूर्वी कर्ज काढू पाहणाऱ्या शेतकऱ्याच्या हाती सातबाऱ्याचा उतारा पडतो तो ऐन पावसाच्या तोंडावर. त्यावरील आकडा पुसट निघाला तर हेलपाटा त्यालाच पडतो.

यावर काहींचा उपाय तयार असतो: कार्ट्रिज पुन्हा भरणेच बंद करा, मूळ कंपनीचाच माल घ्या. तो मान्य करण्याचे कारण नाही. एकदा विकलेल्या कार्ट्रिजवर पेटंटचा हक्क उरत नाही, असा निर्वाळा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये लेक्समार्क कंपनीच्या प्रकरणात दिला. गरिबांच्या शाळांना तर भरलेल्या कार्ट्रिजवाचून गत्यंतर नाही. दोष पुन्हा भरण्यात नाही, काय भरले हे न सांगण्यात आहे.

आणि हे सांगणे केवळ छपाईपुरते नाही. सिलिका म्हणताच दगडखाणीतील कामगारांचा सिलिकोसिस आठवतो. तो स्फटिकरूप सिलिकेचा, टोनरमधील सिलिका सामान्यतः अस्फटिक असते. टायटॅनियम डायऑक्साइडचा प्रश्न मात्र निकाली निघालेला नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००६ मध्ये त्याला संभाव्य कर्करोगकारकांत बसविले. युरोपीय संघाने २०२० मध्ये श्वासावाटे जाणाऱ्या त्याच्या पुडीबाबत तसेच वर्गीकरण केले, तर संघाच्या न्यायालयाने २०२२ मध्ये ते रद्द ठरविले. शास्त्रज्ञ व न्यायालये यांचा वाद चालू राहील. पण तोंडाला नुसता रुमाल बांधून दिवसभर कार्ट्रिज भरणाऱ्या पोराला आपल्या नाकात काय जाते हे कळण्यासाठी त्याच्या निकालाची वाट का पाहावी?

तेव्हा पुडक्यावर पूरक द्रव्यांची नावे छापणे बंधनकारक व्हावे. निविदा मागविणाऱ्या कचेऱ्यांनीही दराच्या रकान्याशेजारी एक रकाना वाढवावा आणि नमुन्याची पाने तपासावीत. कोऱ्या कार्ट्रिजची, कोरड्या खोलीत काढलेली पहिली दहा पाने नव्हेत, तर जुलै महिन्यात, कार्ट्रिज संपत आले असताना निघालेली शेवटची दहा.